जिथे पाइप टेकतो

पाइप कुठे सडतो असं विचारलं, की कारखान्यात नवीन आलेला माणूस वाकणं दाखवतो, जोड दाखवतो, व्हॉल्व्ह दाखवतो. चूक. पाइप जिथे निवांत टेकलेला असतो, तिथेच तो सडतो. खाली लोखंडी बीम, वर लोखंडी पाइप. तापला की पाइप लांबतो, निवला की आखडतो, आणि या रोजच्या सरकण्यात रंग घासून जातो. मग त्या फटीत पाणी शिरतं आणि तिथेच ठाण मांडून बसतं. ती जागा ना डोळ्यांना दिसते ना माझ्या यंत्राला. पाइपच्या भिंतीची जाडी मोजणं हे माझं काम, आणि नेमकी जिथे मोजायला हवी तिथेच बीम आडवा येतो. याचा मला इतका राग आहे, की घरी जेवतानाही मी त्यावरच बोलत बसते आणि वहिनी म्हणते, "बाई गं, तो पाइप खाली ठेव आणि घास घे."

यावर उपाय सोपा आहे. पाइपला जॅक लावायचा, तो बोटभर उचलायचा, खालचा गंज खरवडायचा, तिथे एक अर्धगोल पॅड चिकटवायचं आणि पाइप पुन्हा टेकवायचा. मग लोखंडावर लोखंड घासत नाही आणि पाणी साचत नाही. सोपा म्हणजे सांगायला सोपा. पाइप रिकामा करायला कोणीच तयार नसतं, म्हणून हे सगळं माल वाहत असतानाच करायचं असतं. आमच्या पाइपमधून गरम कॉस्टिक, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं जहाल पाणी, वाहत होतं. ते अंगावर पडलं तर कातडीचाच साबण होतो. डोळ्यांत गेलं तर पुढचं बोलायलाच नको.

आणि जॅक लावणारा माणूस माझा सख्खा मोठा भाऊ होता.

दादा उचलकामाचा फोरमन. पाइप, पंप, टाकी, जे हलवायचं असेल ते दादाला बोलावल्याशिवाय हलत नाही. मी त्याच कारखान्यात तपासणीला लागले तेव्हा त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "इथे मी तुझा भाऊ नाही." आणि दुपारी सगळ्यांदेखत "बारके, डबा संपवलास का?" असं ओरडून विचारलं होतं. असा त्याचा शिस्तीचा कारभार.

त्याची एका गोष्टीसाठी फार वाहवा झाली होती. दोन वर्षांपूर्वी त्याने पाइप आणि बीम यांच्यामधल्या फटी दोन्ही बाजूंनी पुट्टीने बुजवल्या आणि वरून रंग मारून घेतला. फटच नाही तर पाणी शिरणार कुठून, हा त्याचा हिशेब. बाहेरून पाहुणे आले होते, त्यांनी त्या पाइपांच्या रॅकखाली उभं राहून माना डोलावल्या, आणि दादाचा फोटो फाटकाजवळच्या फळ्यावर लागला. वहिनी मुद्दाम वाट वाकडी करून तो बघायला आली होती.

त्या दिवशी आमच्या शिफ्टच्या साहेबांनी पहिलं पॅड बसवायला त्याच पुट्टीतली एक जागा निवडली. या साहेबांना सगळे घड्याळसाहेब म्हणतात, कारण ते समोरच्याच्या तोंडाकडे कमी आणि मनगटाकडे जास्त बघतात. त्यांचं म्हणणं, ही जागा सगळ्यांत चांगली दिसते, म्हणून सुरुवात इथून करा. हात बसला की मग वाईट जागा घ्या.

मी परांचीवर चढून बघितलं. जागा खरोखरच देखणी होती. रंग गुळगुळीत, पुट्टीला एक चरा नाही. शेजारच्या बीमवरून, जिथे पुट्टी नव्हती तिथून, गंजाचे तांबडे ओघळ उतरले होते. इथे थेंबभर डाग नाही. वर्षभर वाफेत आणि दमट हवेत उभ्या असलेल्या रॅकवर गंजाने फक्त याच जागेला सुट्टी दिली असेल, यावर माझा विश्वास बसेना. मी दोन्ही बाजूंनी जाडी मोजली. उत्तम. पण बाजूंची जाडी उत्तम असणारच. प्रश्न पोटाचा होता, बीमवर टेकलेल्या भागाचा.

"दादा, आधी लाईन बंद करून घेऊ या," मी म्हणाले.

दादा पाइपखाली सरकायच्या तयारीत होता. रबरी सूट, हातमोजे, तोंडापुढे काच. त्याने काच वर केली. "का? आकडे वाईट आले?"

"आकडे चांगले आलेत."

"मग?"

"जागा जरा जास्तच चांगली दिसतेय."

तो हसला. "बारके, ही पुट्टी मी भरलीय. दुसऱ्या कोणी भरली असती तर मीच आधी बोंब मारली असती." आणि काच खाली ओढून तो पाठीवर सरकत आत गेला.

खाली अग्निशमनचे मामा पाण्याची नळी धरून उभे होते. ते कोणाचे मामा हे कोणालाच माहीत नाही, पण सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांनी वर बघून मला मान हलवून विचारलं, काय? मी हात हलवून सांगितलं, काही नाही. काही नाही कसलं! पण हातात आकडा नसताना मी काय बोलणार?

जॅक जुना होता. त्याला आम्ही म्हातारा म्हणायचो. उचलायला दणकट, पण धरून ठेवायला कच्चा. आतलं तेल झिरपून तो हळूहळू खाली बसायचा, म्हणून मधूनमधून दांडा थोडा दाबत राहावं लागायचं. दादाला त्याची इतकी सवय, की तो बोलता बोलता दाबायचा.

त्याने दांडा दाबला. पाइपवर ताण आला. पुन्हा दाबला. पुट्टीला केसाएवढी चीर गेली, मग ती चीर बीमभर धावली, आणि तिच्यातून एक तपकिरी थेंब बाहेर आला.

"थांब!" मी ओरडले. "वर नको, खालीही नको. आहेस तिथेच थांब."

दादाचा हात दांड्यावर थांबला. दुसरा थेंब त्याच्या छातीवर, रबरी सुटावर पडला.

मी खिशातली लिटमसची पट्टी काढली आणि थेंबाला लावली. तांबडी पट्टी तांबडीच राहिली. म्हणजे कॉस्टिक नव्हतं, नुसतं पाणी. मी वॉकीटॉकीवर तसं कळवलं, आणि कंट्रोल रूममधून घड्याळसाहेबांचा मोकळा श्वास ऐकू आला.

"पाणीच आहे ना? मग घ्या उचलून. दुपारच्या आत पॅड बसलं पाहिजे."

मी परांचीच्या फळीवर आडवी झाले आणि दादाच्या कानाशी तोंड नेलं. आमच्या दोघांच्या मध्ये एक हात जागा होती. वॉकीटॉकीचं बटण मी सोडून दिलं होतं.

"दादा, हे पाणी आलं कुठून? पुट्टी तर कुठेच फुटली नव्हती."

त्याने पुट्टीतल्या चिरेकडे बघितलं.

"दादा, पुट्टी भरली तेव्हा जागा कोरडी होती का?"

काचेआडून त्याचे डोळे माझ्याकडे वळले आणि लगेच पाइपकडे गेले. त्याने दांडा जरासा दाबला. म्हातारा बसायला लागला होता.

"आदल्या दिवशी सगळा रॅक पाण्याने धुतला होता," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे. रंगवाले खोळंबलेले. मला वाटलं, पाइप गरमच असतो, आतलं आपोआप वाळेल."

"आणि बाहेर कुठून जाईल?"

"कळतंय गं. आता कळतंय."

म्हणजे दोन वर्षं ते पाणी गरम पाइप आणि बीम यांच्यामध्ये कोंडलेलं होतं. जायला वाट नाही, वाळायला हवा नाही. त्याने आत बसून निवांतपणे लोखंड खाल्लं होतं, आणि वरचा रंग आम्हाला तोंडभर हसून दाखवत होता. मला रडू यायला लागलं. भीतीने नव्हे, संतापाने. एवढ्या हुशार माणसाने एवढी साधी गोष्ट विसरावी!

"बाहेर ये," मी म्हणाले.

"हात सोडला की हा खाली बसणार. आणि पाइपचं पोट पातळ झालं असेल तर बीमची कड सरळ आत घुसेल. मी सरकून बाहेर येईपर्यंत सगळं माझ्या तोंडावर."

"मग मी दुसरा जॅक मागवते."

"तो बसवताना हिसका बसेल. त्यापेक्षा लाईन बंद करायला सांग. मी धरतो तोवर." मग आवाज आणखी खाली आणून तो म्हणाला, "पण ओल्याचं बोलू नकोस. दुसरं काहीतरी कारण दे. बारके, ऐकतेयस ना? तो फोटो तुझ्या वहिनीने घरातही लावलाय."

मी प्रयत्न केला. देवाशपथ केला. वॉकीटॉकीवर म्हणाले, "साहेब, मला जागा बरोबर वाटत नाही. लाईन बंद करून रिकामी करा."

"वाटत नाही म्हणजे? आकडा सांगा."

"बाजूचे आकडे चांगले आहेत. पोटाचा घेता येत नाही."

"बाई, कॉस्टिक थांबलं की पाइपमध्येच गोठतं. मग तो पाइप तुम्ही चघळणार की मी? तुमच्या वाटण्यावर मी एवढा मोठा प्लांट थांबवू?"

त्यांचं अगदीच चुकत होतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी मीही आकडाच मागितला असता. पण माझा भाऊ पाइपखाली होता आणि त्यांचा नव्हता, एवढाच फरक.

मी पुढच्या थेंबाला नवी पट्टी लावली. कड निळी झाली. नीट बघितली, पुन्हा बघितली. निळीच.

"साहेब, आता कॉस्टिक येतंय."

"जुनं सांडलेलं असेल. त्या रॅकवर कुठेही पट्टी लावा, निळी होईल."

हेही खरं होतं. आमच्याकडे कठड्याला हात लावून पट्टी धरली तरी निळी होते. थेंब मात्र आता भराभर पडायला लागले होते. एक दादाच्या काचेवर पडला आणि तेलासारखा ओघळत खाली आला. दादाने डोळे मिटले नाहीत. दांडा दाबला. त्याचा तटतटलेला दंड मला दिसला, आणि लहानपणी मला खांद्यावर घेऊन जाणारा हाच तो दंड, असलं काहीबाही मनात यायला लागलं. मी स्वतःलाच दटावलं. वेळ ती नव्हती.

"दादा, मी सांगणार आहे," मी म्हणाले.

"नको."

"तू माझ्याशी जन्मभर बोलू नकोस. पण बोलायला शिल्लक राहा."

मी बटण दाबलं. त्या वॉकीटॉकीवरचं बोलणं सगळ्या प्लांटला ऐकू जातं. पंपवाल्याला, भांडारात, फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही.

"साहेब, ही पुट्टी ओल्यावर भरलेली आहे. रॅक धुतल्याच्या दुसऱ्याच दिवशी. ज्याने भरली त्यानेच आत्ता मला सांगितलं. दोन वर्षं पाणी आत कोंडलंय, पाइपचं पोट खाल्लं गेलंय, आणि माझा भाऊ त्याच्या खाली आहे. पंप बंद करा."

 घड्याळसाहेबांचा आवाज आला, पहिल्यांदाच घाई नसलेला. "ज्याने भरली म्हणजे? फोरमनने?"

मी दादाकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"फोरमननेच," मी म्हणाले. "माझ्या भावानेच."

"पंप बंद," घड्याळसाहेब म्हणाले. "लाईन टाकीत मोकळी करा. मामा, पाणी तयार ठेवा."

पंपाची घरघर थांबली, पण पाइप लगेच रिकामा होत नाही. लांबलचक पाइपमधला माल उतारावरून टाकीकडे जायला वेळ घेतो, आणि तेवढा वेळ जॅक बसत राहणार. दादा दांडा दाबत राहिला. आता तो मोजूनमापून दाबत होता, कारण थोडं जास्त झालं तर गंजाची खपली सुटून भोक उघडणार आणि थोडं कमी झालं तर बीम आत घुसणार. मी फळीवर पालथी पडून चिरेवर नजर लावून होते. "जरासं," मी म्हणायची, आणि तो दाबायचा. "बस," म्हणायची, आणि तो थांबायचा. 

मग चिरेतून धार लागली. पेन्सिलएवढी, तिरकी, त्याच्या खांद्यावर. मामांनी खालून नळी अशी काही धरली, की दादा पाण्याखाली दिसेनासाच झाला. मी ओरडत होते, काय ओरडत होते आठवत नाही. पाण्याच्या पडद्यातून मला फक्त दांडा दिसत होता, आणि तो खाली जात होता, वर येत होता, पुन्हा खाली जात होता.

धार बारीक झाली. मग थेंबांवर आली. मग थांबली.

"मोकळी झाली," पंपवाला वॉकीटॉकीवर म्हणाला.

"आता सोड," मी म्हणाले.

दादाने दांडा सोडला. म्हातारा हळूहळू बसला, पाइप बीमवर टेकला, आणि वाळलेलं पान चुरगळावं तसा आवाज करत बीमची कड पाइपच्या पोटात शिरली. खपल्यांचा ढीग फळीवर पडला. दादा सरकून बाहेर आला. मामांनी त्याला उभ्याउभ्याच धुतलं, मानेपासून बुटांपर्यंत, दोनदा, तीनदा. सुटाच्या आत काही गेलं नव्हतं. मी त्याचा हात धरायला गेले, तर त्याने तो सोडवून घेतला.

मला ते लागलं. लागणारच होतं. मी मनाची तयारी केली होती, पण तयारीने दुखायचं थोडंच थांबतं?

घड्याळसाहेब स्वतः वर चढून आले. त्यांनी भोक बघितलं, बॅटरीच्या उजेडात आत डोकावून बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.  दादाशी बोलायला उद्या होताच. मला म्हणाले, "बाई, बरं केलंत." मग सवयीने मनगटाकडे बघून म्हणाले, "तरी फार नुकसान नाही झालं. माल गोठू नये म्हणून सगळा शेजारच्या लाईनवर वळवलाय. पंप मगाशीच पुन्हा चालू केला. थोडा दाब वाढलाय, पण चालून जाईल."

दादा सुटाचे बंद सोडत होता. त्याचे हात थांबले.

"शेजारच्या?" तो म्हणाला.

त्याने मान वळवून दुसऱ्या पाइपकडे बघितलं. तो आमच्या डोक्याशी रॅकवर सरळ पुढे जात होता, गुळगुळीत रंगाचा, कुठे एक ओघळ नसलेला, आणि पुढे वळून कँटीनच्या पत्र्यावरून दुसऱ्या प्लांटकडे जात होता. जेवणाची सुट्टी झाली होती.

मला काही विचारावं लागलं नाही. त्याच्या तोंडाकडे बघूनच कळलं. तरी त्याने मला सांगितलं, अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं.

"तीही त्याच दिवशी भरली. कँटीनवरची सगळी."

मी वॉकीटॉकी तोंडाशी नेला. त्याने तो माझ्या हातातून काढून घेतला. ओरबाडला नाही, नुसता काढून घेतला, आणि बटण दाबलं. त्याचा आवाज सगळ्या प्लांटवर गेला, आणि मी इतक्या वर्षांत तो असा कधी ऐकला नव्हता.

"फोरमन बोलतोय. दुसरी लाईनही बंद करा. कँटीन रिकामं करा, आत्ताच्या आत्ता. कोणी विचारलं का, तर सांगा की त्या पाइपचं काम मी केलंय आणि मी ते ओल्यात केलंय."

मग तो परांची उतरला आणि ओल्या सुटातच धावत सुटला. मी त्याच्या मागे. कँटीनच्या दाराशी पोचलो तेव्हा माणसं बाहेर येत होती, कोणी ताट हातात घेऊन, कोणी तोंडातला घास तसाच चावत, बहुतेक जण वैतागलेले. आग कुठे दिसत नव्हती, धूर दिसत नव्हता. दादा दारात उभा राहून एकेकाला खांद्याला धरून पलीकडे ढकलत होता.

"काय झालं हो फोरमन?" कोणीतरी विचारलं.

"माझी चूक झाली," दादा म्हणाला. "तिकडे भिंतीपाशी उभे राहा."

"कसली चूक?"

"नंतर सांगतो. चल, पुढे हो."

पुढचा आला, त्यालाही तेच. त्याच्या पुढच्यालाही. एकजण ताटासकट मागे फिरायला बघत होता, त्याला दादाने दोन्ही हातांनी अडवलं आणि पुन्हा तेच सांगितलं. शेवटची बाई बाहेर पडली तेव्हा तो दाराची चौकट धरून वाकला आणि दम खाऊ लागला. दूरवर पंप बंद पडल्याचं मला ऐकू आलं.

"सगळे आले?" त्याने विचारलं.

"सगळे आले."

त्याने वर पत्र्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. सकाळपासून पहिल्यांदा नीट माझ्याकडे.

"पाइप रिकामा झाला की शिडी लावू," तो म्हणाला. "मी एकेक जागा दाखवतो. तू खरे आकडे लिही, बारके. एकही सोडू नकोस."